आठव्या माळेचं रक्त

१

रक्त रात्रीचं होतं, पण त्या रक्तात रात्र नव्हती.

शिवकांताबाईंच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळून निम्म्यावर आलं, तरी स्वप्नाली जागची हलली नाही. मोबाइल उपडा टाकून, गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. पोरगी मूळची तेलगावची. केजला पीएच.डी. करायची आणि बाईंच्या मागच्या खोलीत राहायची. बाईंनी केजच्या शाळेत उभा जन्म जीवशास्त्र शिकवलं होतं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे रडणाऱ्या पोरीला लगेच काही विचारायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि पाट ओढून समोर बसल्या.

"सर म्हणतात, तू रात्री गेलीच नाहीस," स्वप्नाली म्हणाली. "दुपारीच शेळ्यांचं रक्त काढलंस आणि नळ्यांवर रात्र असं लिहिलंस. सोमवारी समिती बसणार आहे, बाई. माझं नाव काढून टाकतील."

"गेली होतीस का?"

"गेले होते. आठव्या माळेला. स्कूटीवर, एकटी."

"मग नीट सांग. मला म्हातारीला कळेल असं."

स्वप्नालीनं नाक पुसलं. अंधार पडला की मेंदूतली ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ मेलाटोनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. रात्र झाली, अशी अंगभर दिलेली वर्दीच ती. दुपारी ते रक्तात जवळजवळ नसतं, रात्री चढतं. उन्हाळ्यात याच शेळ्यांच्या रक्तात रात्री ते भरभरून मिळालं होतं. नवरात्रातल्या रक्तात मात्र दुपारइतकंच निघालं.

"पण माझं काम निराळ्याच मेलाटोनिनवर आहे. पेशीच्या आतल्या. तंतुकणिकांमधल्या."

तंतुकणिका म्हटल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढे फळा आला. पिवळ्या खडूनं काढलेला चपलेच्या तळव्यासारखा आकार, आत वळ्या वळ्या. पेशीचं वीजघर, असं त्या पोरांकडून घोकून घ्यायच्या.

"आमच्या वेळी ती नुसती वीज करायची," त्या म्हणाल्या.

"वीज करताना ठिणग्या उडतात ना, बाई, त्यांनी तिचं तिलाच भाजतं. ते निभावायला ती तिथल्या तिथं मेलाटोनिन करते, असं आता दिसतंय. ते रक्तात फारसं उतरत नाही. जागच्या जागी खर्च होतं. मला विचारायचंय ते एवढंच, की बाहेरची रात्र आणि हे आतलं मेलाटोनिन एकमेकांवर अवलंबून आहेत का?"

"आणि त्या रात्रीच्या पेशींत किती निघालं?"

"तिथं सगळं ठीक आहे. दुपारी जितकं, तितकंच."

बाईंनी मनात जुळवून पाहिलं. रक्तातली रात्र गेली, पेशीतलं जिथल्या तिथं. घरफोडी व्हावी, बाहेरचं कपाट रिकामं व्हावं आणि आतल्या तिजोरीला चोरानं हातही लावू नये, तसं काहीतरी.

"सरांनी आज सकाळी गोठ्याची किल्ली काढून घेतली माझ्याकडून," स्वप्नाली म्हणाली.

बाईंनी खुंटीवरची पिशवी घेतली. "चहा पी तो. मी वीरेशकडे जाऊन येते."

२

डॉक्टर वीरेश बाईंचाच विद्यार्थी. बाईंसारखाच लिंगायत घरातला. शाळेत असताना गळ्यातलं लिंग शर्टाबाहेर लोंबत असायचं आणि बाई ते आत सारायच्या. आता तो कॉलेजात विभागप्रमुख होता. धारूर रस्त्याला घरची शेती होती, तिथंच घरामागं त्यानं प्रयोगाच्या शेळ्यांचा गोठा बांधलेला.

"बाई, तुम्ही तिच्या वतीनं आलात, मला वाईट वाटतं," तो कॉलेजातल्या आपल्या खोलीत म्हणाला. "पण आकडा मी तरी कसा बदलू? रात्रीच्या रक्तात दुपारचा आकडा. ते रक्त दुपारचंच आहे."

"किंवा रात्रीचं रक्त नंतर बिघडलं," बाई म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या प्रविणकडे पाहिलं. प्रविण वडवणीचा. स्वप्नालीच्या बरोबरीचा, फ्रीझर त्याच्या ताब्यात. स्वप्नाली गेली तर तिची शिष्यवृत्ती त्यालाच मिळणार हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

प्रविणनं मान खाली घातली नाही. "मला तिची जागा पाहिजे, बाई. खोटं कशाला बोलू? पण मी नळ्या बाहेर ठेवून नासवल्या असत्या तर पेशी आधी नासल्या असत्या. त्यांचे आकडे तर एकदम झक्कास आलेत. मी चोर असेन, पण एवढा हुशार चोर न्हाई."

"नासवल्या नाहीस. बदलल्या असशील तर?"

"दुपारच्या नळ्या दुपारीच संभाजीनगरला प्रयोगशाळेत गेल्या. बदलायला माझ्याजवळ काय होतं?"

बाईंना पोरगा आवडला. जळतो, पण झाकत नाही.

"पाहिलंत?" वीरेश म्हणाला. "ती जबाबदारीनं वागतच नाही. आठव्या माळेला संध्याकाळी शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं होतं, तेव्हाही ही बीडला निघून गेलेली. शेवटी मी स्वतः पाजलं."

बाईंचा पिशवीतला हात थांबला.

"संध्याकाळी? दिवस मावळताना?"

"हो."

"आणि त्या औषधाचा अंश रक्तात उतरतो?"

"उतरतो की. पण त्याचा इथं..." वीरेश बोलता बोलता थांबला. वर्गात उत्तर अर्ध्यावर सुचलं की लहानपणी त्याचा चेहरा व्हायचा, अगदी तसाच झाला.

"दुपारी काढलेल्या रक्तात संध्याकाळचं औषध कसं सापडेल, वीरेश? प्रयोगशाळेत उरलेलं रक्त असेल. त्यांना बघायला सांग."

वीरेशनं फोन उचलला. तेवढ्यात बाईंनी टेबलावरची गोठ्याची किल्ली पिशवीत टाकली. विचारलं नाही. वीरेशनं अडवलंही नाही.

३

गोठा म्हणजे चुना दिलेली एक लांबट खोली. खिडक्यांना काळी ताडपत्री ठोकलेली, दाराला दुहेरी काळा पडदा. वरचा बल्ब होल्डरसकट काढून टाकलेला. बजरंगनं पडदा वर केला तेव्हा उस्मानाबादी शेळ्यांचे काळेभोर कान एकदम वळले.

बजरंग गोठ्यावरचा माणूस, रात्री निजायलाही इथंच. भेंडासारखा हलका, पन्नाशीतही पळता येईल असा.

"स्वप्नाली त्या रात्री आली होती?"

"आलती की. आयेच्यान् आलती. व्हरांड्यात बसली त्या लाल बल्बाखाली. म्या येक येक शेळी भाईर आणली, तिनं रक्त काढलं. आत कुणी परकं शिरलं की बाकीच्या बुजत्यात."

"म्हणजे ती आत आलीच नाही."

"न्हाई."

"बजरंग, तुळजापूरची ज्योत आणायला यंदा गेलतास का? दरसाल तूच पुढं असतोस. शाळेच्या दारावरून तुमची पोरं पळत जायची ना, मी पाणी द्यायची."

त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग लगेच मावळला. "यंदा न्हाई जमलं. घटाच्या आदल्या दिशी सून बाळंतीण झाली. लई आधी झाली, बाई, दिस भरायच्या आधी. सोयर आलं घरात. नातू बीडच्या दवाखान्यात हाय. काचंच्या पेटीत. येवढुसा." त्यानं तळहात दाखवला आणि तो झटकन मागं घेतला.

 पदर सावरत बाई खोलीत फिरल्या. शेळ्यांच्या गव्हाणीसमोर, भिंतीच्या कोनाड्यात एक वीट आडवी ठेवलेली होती. विटेवर बोट फिरवलं तर तुळतुळीत लागलं. खाली जमिनीवर पाकोळ्यांचे, बारक्या पतंगांचे पंख पडले होते, ओंजळभर. कोनाड्यावर एक पाल, पोट टम्म फुगलेली, बाईंना बघूनही हलायला तयार नव्हती.

"पाल बरीच सुखी दिसते तुझी."

"हं," बजरंग म्हणाला. पण तो पालीकडे बघत नव्हता, विटेकडे बघत होता.

"रात्री बत्ती वगैरे लावतोस का रे?"

"कशाची बत्ती? सरांनी होल्डरच उपसून नेलाय. आत काडी जरी वडली तरी कामावरनं काढीन म्हणलेत."

पिशवीत फोन वाजला. वीरेशचा.

"बाई, औषध सापडलंय." त्याचा आवाज कोरडा होता. "रात्रीच्या प्रत्येक नळीत. दुपारच्या एकाही नळीत नाही. रक्त रात्रीचंच आहे."

"मग पोरगी सुटली."

"नाही. मग तिनं दिवा लावून रक्त काढलंय. अंधाराचा नियम मोडला तरी काम रद्दच होतं. समितीला मी दुसरं काय सांगू? शेळ्यांची रात्र कुठं गेली, ते सांगा मला."

४

बाई वळून मागच्या बाजूनं वीरेशच्या घरात शिरल्या. पाय एका जागी ठरत नव्हते. वीरेशची आई वच्छलाबाई त्यांच्याच वयाची, लग्न होऊन दोघी एकाच साली केजला आलेल्या.

"शिवकांता, बस की गं. आल्यापास्नं नुसती फिरकी लागल्यावानी करायलीस."

"बसते. चहा नको."

"चहा न्हाई देत. कालची शेंगदाण्याची चटणी हाय, भाकरीसंगं खा."

बाई दाराशी बसल्या. चौकटीला लागून तांब्याच्या ताटलीत एक मोठी पणती तेवत होती, जाड वातीची. तेल काठापर्यंत. पणतीभोवती उघडा पत्र्याचा डबा उभा, वाऱ्याला आडोसा म्हणून. देवघर आत, आणि दिवा बाहेर, दारात.

"नवरात्र उठून किती दिवस झाले, वच्छला. दिवा कसला?"

"असाच."

"असाच? तुझ्याकडं कधी अखंड दिवा नव्हता. तू इष्टलिंगाची पूजा करून मोकळी होणारी."

"म्हातारपणी लावावा वाटला. तुला कावून एवढी चौकशी?"

वच्छलाबाईंनी भाकरी मोडून ताटात टाकली आणि वात पुढे सारायला उठल्या. ताटलीला दोन्ही बाजूंनी चिंधी गुंडाळलेली होती. गरम भांडं उचलून न्यायला बायका गुंडाळतात तशी. घरातल्या घरात ठेवलेल्या दिव्याला धरायला चिंधी कशाला?

बाईंचा घास तसाच हातात राहिला.

त्यांना सासूबाई आठवल्या. केजात अजून वीज यायची होती तेव्हाची गोष्ट. शेजारच्या कुंभाराच्या घरात ऐन नवरात्रात माणूस गेलं. कुंभारीण रडत दारात आली, तिच्या हातात पेटता दिवा. माई, आमच्यात सुतक आलं, देवीचा दिवा विझवू कसा? सासूबाईंनी तो पदराआड घेतला. आपल्या गळ्यात लिंग आहे, आपल्याला सुतकही नाही आणि सोयरही नाही, असं म्हणाल्या, आणि शेजारणीची देवी सांभाळली. दिवसा चुलीपाशी ठेवायच्या. रात्री उंदरांनी वात ओढू नये म्हणून बाई, नवी सून, उशाशी घेऊन जागायच्या. उजेडानं झोप लागायची नाही.

उजेडानं झोप लागायची नाही.

"वच्छला," बाई हळूच म्हणाल्या, "रात्री तुझ्या घरात पंखे चालतात ना? मग रात्री हा दिवा कुठं असतो?"

वच्छलाबाईंनी वात पुढे सारली, आणि त्यांचं बोट भाजलं.

५

दिवस कलायच्या आत बाईंनी सगळ्यांना गोठ्याच्या व्हरांड्यात बोलावलं. वीरेश खुर्चीवर बसला नाही. स्वप्नाली खांबाला टेकून उभी. प्रविण पायरीवर. बजरंग शेळ्यांपाशी, पाठ करून.

"रक्त नासलेलं नाही, हे प्रविणनं सांगितलं," बाई म्हणाल्या. "पेशी शाबूत आहेत. रक्त दुपारचं नाही, हे वीरेशच्या औषधानं सांगितलं. म्हणजे शेळ्यांच्या अंगात खरंच रात्र झाली नव्हती. स्वप्नाली, रक्त काढताना क्षणभर दिवा लागला तर मेलाटोनिन इतकं उतरेल का?"

"नाही, बाई. त्याला वेळ लागतो. उजेड आधीपासून असायला हवा."

"खूप आधीपासून. आणि ही पोरगी तर आत शिरलीच नाही. उजेड खोलीच्या आत होता, गव्हाणीसमोर, शेळीच्या डोळ्यांपुढं. चुन्याच्या भिंतींनी तो वाढवला. अंधाऱ्या खोलीत पाकोळ्या मरून पडत नाहीत, आणि पालीचं पोटही असं फुगत नाही. विटेवर तेल आहे. वीरेश, तुझ्या सगळ्या शेतात वारा न शिरणारी जागा एकच. तूच केलीस ती, ताडपत्री ठोकून. ज्याला दिवा विझू द्यायचा नाही तो आणखी कुठं नेईल?"

वीरेश बजरंगकडे वळला. "बजरंग?"

बजरंग वळला नाही. शेळीच्या कानाशी हात चालूच राहिला. "माझ्या बायकूनं, बायनाबाईनं, नवस बोलला होता. लेकरू घरी येईपत्तूर दिवा जायला नको. घरात सोयर. घट बसंना. मग कुणाकडं जायाचं? लिंगायताच्या घरी चालतंय म्हनून..."

"कुणाच्या घरी?"

"माझ्या," मागून वच्छलाबाई म्हणाल्या. त्या दिवा घेऊनच आल्या होत्या, पदराचा आडोसा करून. "बायना माझ्या पायावर पडली. दिवसभर म्या सांभाळते, रातच्याला हा नेतो. तुझ्या पंख्याखाली दिवा टिकतोय व्हय? आन् येवढ्याशा दिव्यानं काय बिघडतंय वाटलं. देवीचा दिवा हाय, काय ट्यूबलाइट न्हाई."

वीरेश आपल्या आईकडे बघत राहिला. सकाळपासून ज्या नियमावर तो पोरीला फाशी द्यायला निघाला होता तो त्याच्याच घरातून, त्याच्याच आईच्या हातानं रोज मोडत होता.

"सांगायचं होतंस, बजरंग," स्वप्नाली म्हणाली. आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "माझं सगळं गेलं असतं."

"रोज सांगावं वाटायचं, ताई. भाकर उतरायची न्हाई." तो आता वळला. "पर सांगितलं की सर दिवा काढायला लावणार. आन् तिकडं पेटीत त्ये लेकरू. तुमचं काम आन् माझं लेकरू, दोन्ही त्या वातीवर टांगलेलं. म्या काय करू?"

 सूर्य टेकत आला होता. थोड्या वेळात गोठ्यात अंधार करायची वेळ होणार, आणि दिवा वच्छलाबाईंच्या हातात होता.

६

"फुंकर कुणी मारणार नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याही गळ्यात लिंगच आहे. माझ्या घरी पंखा मी लावत नाही, मला सोसत नाही. उंदरांसाठी मांजर आहे, आणि मांजराला झोप लागली तरी मला लागत नाही. दिवा माझ्याकडं येईल."

"पर येवढ्या लांब, वाऱ्यात..." वच्छलाबाई म्हणाल्या.

"तुळजापूर जवळ आहे का?" बाईंनी बजरंगकडे पाहिलं.

बजरंगनं चपला काढल्या. ज्योत आणताना काढतात तशा. पत्र्याच्या डब्यात दिवा घेतला, छातीशी धरला आणि धारूर रस्त्यानं निघाला. स्वप्नाली स्कूटी हातानं ढकलत वाऱ्याच्या बाजूनं चालली. उसाच्या गाड्या कडेनं जायच्या, ज्योत विचित्र वाकायची, आणि दोघं थबकायची. मागून बाई आणि पायरीवरून उठलेला प्रविण.

"बाई," प्रविण चालता चालता म्हणाला, "एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही वाटतं. उजेडानं रक्तातलं मेलाटोनिन गेलं, पण तंतुकणिकांतलं हललं नाही. तिला हेच तर शोधायचं होतं ना? दिवा लावून मुद्दाम प्रयोग करायला तिला आणखी वर्ष लागलं असतं. आता नीट अंधार करून एकदा, आणि नीट दिवा लावून एकदा रक्त काढलं की झालं."

"मग सांग की तिला."

"सांगतो." त्यानं वाटेतला खडा पायानं उडवला. "शिष्यवृत्ती गेली माझी."

"गेली," बाई म्हणाल्या. "चल लवकर, ती बघ कशी स्कूटी धरती आहे. कलंडेल."

सोमवारी समितीपुढे वीरेशनं स्वतः सांगितलं, की नियम त्याच्या घरात मोडला. आईचं नाव घेताना त्याचे कान लाल झाले, असं स्वप्नाली म्हणाली. ताडपत्रीमागच्या गोठ्यात पुन्हा अंधार झाला आणि पुढच्या वेळच्या रक्तात रात्र परत आली, उन्हाळ्यातल्यासारखी. पेशींचा आकडा तेव्हाही तसाच होता. आपल्या आतल्या आत, कुणाला न विचारता.

दिवा बाईंच्या स्वयंपाकघरात राहिला, पाटावर. बाई रोज तेल घालायच्या आणि बीडच्या फोनची वाट बघायच्या. फोन वाजला की आधी वातीकडे बघायच्या, मग उचलायच्या. स्वप्नाली चिडवायची. "बाई, तुमचं मेलाटोनिन पार गेलं असेल."

"रक्तातलं गेलं असेल," बाई म्हणायच्या. "तूच म्हणतीस ना, आतलं कुणी नेत नाही."

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी बायनाबाई आली. मागं बजरंग, आणि त्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं. बायनाबाई दिव्याजवळ बसली, नातवाला जमिनीवर टेकवून पाया पडायला लावलं, मग चिमटीत वात धरून ती खाली तेलात ओढली. फुंकर मारली नाही. वात आपली आपण शांत झाली. पोर तेवढ्यात शिंकलं, आणि बजरंग हसता हसता बाहेर जाऊन उभा राहिला.

त्या रात्री बाईंनी दिवे मालवले आणि अंथरुणावर पडल्या. घर काळोखानं गच्च भरलं होतं. बऱ्याच दिवसांनी आलेली खरीखुरी रात्र. त्यांनी कूस बदलली. पुन्हा बदलली. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि दिवा परत गेल्यावर रिकाम्या झालेल्या पाटावर हात फिरवून पाहिला. पाट अजून कोमट होता, की त्यांना तसं वाटलं, कोण जाणे.